हात उचलायला लावणारा डॉल्फिन

मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी कशी शिरली, ही गोष्ट आमच्या क्षेत्रातली माणसं एका झाडापासून सुरू करतात.

१९९० च्या दशकाची सुरुवात. दक्षिण कॅलिफोर्नियात अल्बर्ट रिझ्झो नावाचे मानसशास्त्रज्ञ डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर काम करत होते. सगळे त्यांना ‘स्किप’ म्हणतात. त्यांच्याकडे विशीतला एक तरुण येत असे. त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे कपाळामागच्या भागाला, इजा झाली होती. एखाद्या कामावर लक्ष धरून ठेवणं, पुढचा विचार करणं, हातातलं काम तडीस नेणं हे सगळं हा भाग सांभाळतो. कागद-पेन्सिलचे व्यायाम समोर ठेवले की हा तरुण पाच-दहा मिनिटांत उठून जाई. एकदा जेवणाच्या सुट्टीत रिझ्झोंना तो झाडाखाली बसलेला दिसला. मान खाली, दोन्ही अंगठे चालू, हातात गेमबॉय. तो टेट्रिस खेळत होता आणि आजूबाजूचं त्याला भानही नव्हतं.

हा किस्सा रिझ्झोंनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. त्या दुपारनंतर त्यांनी उपचारात कॉम्प्युटर गेम आणायला सुरुवात केली. शहर वसवण्याचा ‘सिमसिटी’ हा खेळ त्यांनी रुग्णांपुढे ठेवला. रस्ते आधी की वीज आधी, पैसे पुरतील का, हे ठरवताना नियोजनाचा व्यायाम आपोआप होतो. तिथून ते व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीकडे वळले. पुढे त्यांच्या गटानं एक आभासी वर्ग तयार केला. मूल हेडसेट लावून बाकावर बसतं, समोर फळा आणि बाई, मध्येच कागदाचं विमान उडतं, खिडकीबाहेरून गाडी जाते. लक्ष कुठे, किती वेळा आणि किती वेळ विचलित झालं, याची नोंद यंत्र ठेवतं.

‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे वाक्य आमच्याकडच्या केसपेपरवरही सर्रास लिहिलं जातं. तो गेमबॉयवाला तरुण मला त्या प्रत्येक वेळी आठवतो. सहकार्य करावंसं वाटेल असं काम रुग्णापुढे ठेवणं ही उपचार करणाऱ्याची जबाबदारी आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मी हे मनापासून मानते.

लंडनमधल्या बाईंचे दोन रस्ते

दुसरा किस्सा इंग्लंडमधला. युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनमध्ये बार्बरा ब्रुक्स आणि डेव्हिड रोझ यांचा गट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर संशोधन करत होता. त्यांच्याकडच्या एका बाईंची गोष्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. शोधनिबंधात त्यांचा उल्लेख फक्त एम. टी. असा आहे. मेंदूच्या इजेनंतर बाईंना नवं काही लक्षात राहत नव्हतं. ज्या पुनर्वसन विभागात त्या होत्या, तिथल्या रोजच्या जागासुद्धा त्यांना एकट्यानं सापडत नसत. संशोधकांनी त्या विभागातलेच दहा साधे मार्ग निवडले. बाईंना एकही जमला नाही.

मग त्या विभागाची हुबेहूब त्रिमिती प्रतिकृती संगणकात उभी केली गेली आणि दहापैकी दोन मार्गांचा सराव बाईंकडून तिच्यात करून घेतला. तीन आठवड्यांनी ते दोन्ही मार्ग त्या खऱ्या विभागात बिनचूक चालू लागल्या. सराव थांबल्यावरही ते मार्ग त्यांच्या लक्षात राहिले.

त्यानंतर संशोधकांनी आणखी दोन मार्ग घेतले. एकाचा सराव संगणकात, दुसऱ्याचा प्रत्यक्ष विभागात. दोन आठवड्यांत संगणकातला मार्ग बाई शिकल्या आणि प्रत्यक्ष चालून सराव केलेला मार्ग मात्र आला नाही.

असं का व्हावं? ज्यानं पुनर्वसन विभागात काम केलं आहे, त्याला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. खऱ्या कॉरिडॉरमध्ये कोणीतरी भेटतं, विचारपूस होते, ट्रॉली आडवी येते, एका फेरीतच दहा मिनिटं जातात. संगणकात तीच फेरी झटपट होते, कोणी मध्ये बोलत नाही आणि तेवढ्याच वेळात कितीतरी फेऱ्या होतात. ज्याची स्मरणशक्ती गेली आहे, त्याच्यासाठी विनाव्यत्यय पुनरावृत्ती फार मोलाची ठरते. हा एकाच रुग्णाचा अनुभव आहे, त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. पण यंत्र नेमकं काय देतं, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

बत्तीस

पुनरावृत्ती हाच आमच्या कामाचा कणा आहे. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. पण शेजारचे आणि दूरचे भाग नव्यानं जोडण्या करून त्याचं काही काम उचलू शकतात. त्यासाठी तीच हालचाल, अर्थपूर्ण कामात, पुन्हा पुन्हा व्हावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत असा बदल दिसण्यासाठी एका दिवसात शेकड्यांनी हालचाली करून घेतल्या जातात.

आणि माणसांच्या उपचारात? अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या थेरपीची ३१२ सत्रं शेजारी बसून पाहिली आणि मोजली. २००९ मध्ये ते आकडे छापून आले. हातावर उपचार झालेल्या सत्रांपैकी जेमतेम निम्म्यांत हाताच्या कामाचा सराव झाला होता आणि जिथे झाला, तिथे सरासरी ३२ हालचाली झाल्या होत्या. बत्तीस!

रुग्ण आळशी होते किंवा थेरपिस्ट कामचुकार होते, असं अजिबात नाही. दुबळा हात जड असतो, थकवा येतो, कंटाळा येतो. पेला उचला, ठेवा, उचला, ठेवा, हे किती वेळ करणार? मधला वेळ बोलण्यात, बसण्या-उठण्यात, बीपी पाहण्यात जातो. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीकडे आमचं लक्ष गेलं ते हा आकडा वाढवण्यासाठी.

बाल्टिमोरचा बँडिट

हा आकडा वाढवायचा तर काय करावं, याचं सगळ्यात धाडसी उत्तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉन क्रॅकोअर यांच्या गटानं दिलं. क्रॅकोअर हे मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांच्या गटात प्रोग्रॅमर आणि अ‍ॅनिमेशन कलाकारही होते. रुग्णाला पडद्यावर आपला हात दाखवायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. लुळा पडलेला हात पाहिला की रुग्णाला आपलं अपंगत्वच दिसतं. त्याऐवजी त्याला एक प्राणी होऊ द्यायचं. प्राणी ठरला डॉल्फिन आणि त्याचं नाव ठेवलं बँडिट.

त्यासाठी ही मंडळी बाल्टिमोरच्या नॅशनल अ‍ॅक्वेरियममध्ये डॉल्फिन कसे पोहतात, वळतात, उडी मारतात, हे पाहायला गेली. उपचारासाठीचा खेळ म्हणून ओबडधोबड चित्रांवर भागवायला ते तयार नव्हते. शेपटीचा झटका, पाण्याचा अडथळा, उडीनंतरचं पडणं हे खऱ्यासारखं झालं तरच रुग्ण त्यात रमेल, असा त्यांचा आग्रह होता.

रुग्णाचा दुबळा हात यंत्राच्या आधारानं तोलून धरलेला असतो, म्हणजे हाताचं वजन त्याला उचलावं लागत नाही. हात जिकडे फिरेल तिकडे बँडिट जातो. मासे पकडतो, शार्कशी झुंजतो, पाण्याबाहेर झेप घेतो. ‘इथून तिथे दहा वेळा हात न्या’ असं कोणी सांगत नाही. लहान मूल जसं हात-पाय सगळीकडे हलवून शरीराची ओळख करून घेतं, तशी मोकळी हालचाल पक्षाघाताच्या झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत भरपूर व्हावी, हा त्यामागचा विचार.

२०२१ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष आले. झटका आल्यानंतर सहा आठवड्यांच्या आतले २४ रुग्ण घेतले होते. काहींना डॉल्फिन, काहींना तेवढाच वेळ माणसानं दिलेली जोरकस ऑक्युपेशनल थेरपी. दोन्ही गटांत हाताच्या सुधारणेत फरक आढळला नाही. मात्र हाताच्या कामाच्या चाचणीत दोन्ही गट पूर्वीच्या, नेहमीएवढाच उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा पुढे होते.

काही जणांना हा निकाल निराशाजनक वाटला. मला तो या क्षेत्रातला सगळ्यात बोलका निकाल वाटतो. उपचार लवकर सुरू केला, वेळ वाढवला, मेहनत वाढवली, तर डॉल्फिन असो की माणूस, हात अधिक सुधारतो. रुग्णाला आम्ही आजवर जेवढा सराव देत आलो, तो कमी होता.

हेडसेट लावण्याआधी

आता आमच्या खोलीत या. फोटोत दिसतो तो हेडसेट लावलेला, हसणारा रुग्ण. त्याच्या आधीचा अर्धा वेळ कोणी दाखवत नाही.

पहिला प्रश्न कवटीचा. अपघातात मेंदूला सूज आली की दाब कमी करण्यासाठी सर्जन कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. तो बसेपर्यंत त्या जागी फक्त कातडी असते. तिथे हेडसेटचा पट्टा आवळणं धोक्याचं आहे, त्यामुळे अशा रुग्णाला आम्ही साध्या पडद्यासमोर बसवतो. दुसरा प्रश्न फिटचा. मेंदूच्या इजेनंतर अनेकांना फिट येतात, म्हणून चमकणारे, झपाट्यानं बदलणारे देखावे टाळावे लागतात आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. तिसरा प्रश्न चक्कर आणि मळमळीचा. डोळे सांगतात की आपण चालतो आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण खुर्चीत बसलो आहोत. निरोगी माणसालाही यानं गरगरतं. म्हणून पहिली वेळ नेहमी बसून, पाच मिनिटं, आणि शेजारी बादली.

मग आपल्याकडच्या खास गोष्टी. आजींच्या केसांना तेल चोपडलेलं असतं, पट्टा घसरतो, काचेवर डाग येतात. आम्ही डोक्याला आधी मऊ कापडी टोपी घालतो. कॅमेऱ्यानं हालचाल टिपणाऱ्या यंत्रांना साडीच्या निऱ्यांमधून गुडघा कुठे आहे, ते नीट कळत नाही. रुग्ण पडू नये म्हणून मागे उभं राहावं, तर तोच कॅमेरा रुग्णाला सोडून थेरपिस्टचे हात मोजायला लागतो. मग बाजूला, दुबळ्या अंगाला, थोडं वाकून उभं राहायचं. तोल गेला तर धरता आलं पाहिजे आणि कॅमेऱ्यात यायचं नाही.

यंत्राला न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. पडद्यावरचा फुगा फोडायला हात पुढे न्यायचा असतो. रुग्ण कोपर सरळ न करता कमरेतून वाकतो, खांदा कानापर्यंत उचलतो आणि फुगा फोडतो. यंत्र टाळ्या वाजवतं. पण ही चुकीची सवय एकदा लागली की मोडायला फार त्रास होतो. म्हणून माझा एक हात रुग्णाच्या पाठीवर आणि डोळे त्याच्या खांद्यावर. पडद्यावर मी क्वचितच पाहते.

डबल बेल

एसटीतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, म्हणून उजवा हात आणि पाय दुबळा, बोलणंही जवळजवळ बंद. पडद्यावर सफरचंदं तोडायचा खेळ लावला. काकांनी दोनदा हात हलवला आणि तोंड फिरवलं. काकू मला म्हणाल्या, “मॅडम, हे पोरासोरांचे गेम यांना कशाला? त्यांना राग येतोय.”

“काका काय काम करायचे?” मी विचारलं.

“कंडक्टर होते. जन्म गेला डबल बेल देण्यात.”

खेळात लक्ष्य कुठे ठेवायचं, हे आम्हाला ठरवता येतं. सफरचंद काढून टाकलं आणि एक साधा गोळा डोक्याच्या वर, एसटीतली घंटीची दोरी असते तेवढ्या उंचीवर आणला. हाताखाली माझा हात ठेवला आणि म्हटलं, “काका, गाडी भरली. द्या डबल बेल.”

हात वर गेला. थरथरत गेला, पण खांद्यातून गेला. दोनदा. आणि काका स्पष्ट म्हणाले, “चला!”

काकूंनी पदर तोंडाला लावला. यात चमत्कार काही नाही. वाचा गेलेल्या अनेक रुग्णांत वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द शिल्लक असतात आणि ओळखीच्या हालचालीबरोबर ते बाहेर येतात. पण त्या दिवसापासून काका सत्र चुकवेनात. आम्ही थांबे ठरवले. स्वारगेट, कात्रज, शिरवळ, सातारा. प्रत्येक थांब्याला सिंगल बेल, सुटताना डबल बेल. पुण्याहून सातारा गाठेपर्यंत हात किती वेळा वर गेला, हे त्यांना कळतही नसे.

आमच्याकडचा दुसरा प्रकार डावी बाजू हरवलेल्या रुग्णांचा. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. नजर शाबूत, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. आपल्या ताटात हे लगेच कळतं. भाजी संपते आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते. घरच्यांना वाटतं, जेवणात लक्ष नाही. अशा रुग्णाला रस्ता ओलांडायला शिकवणार कसं? खऱ्या रस्त्यावर एक चूक पुरे. इस्रायलमध्ये नोमी कॅट्झ, तमार वाइस आणि सहकाऱ्यांनी यासाठी आभासी रस्ता बनवला आणि २००५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. रुग्ण खुर्चीत बसून दोन्हीकडे पाहतो, मग ओलांडायचं ठरवतो. चुकला तरी इजा होत नाही.

आपल्याकडे तो जसाच्या तसा चालणार नाही. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून धावतात, आपल्याकडे डावीकडून. धोका आधी कुठून येणार, हेच उलट होतं. शिवाय आपल्या रस्त्यावर उलट्या दिशेनं येणारी दुचाकी गृहीत धरावी लागते. परदेशी सुपरमार्केटचा देखावाही असाच. आमच्या आजींना ट्रॉली ढकलत शेल्फ शोधायचे नसतात, वाण्याला ‘पावशेर तूरडाळ, अर्धा किलो रवा’ सांगून पैसे मोजून घ्यायचे असतात. मराठी बोलणारा, आपल्या गल्लीचा, आपल्या दुकानाचा आभासी देखावा आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी थेरपिस्टबरोबर बसून बनवावा, अशी माझी फार इच्छा आहे.

स्वस्त चष्मा आणि पत्त्यांचा डाव

हे सगळं आपल्यापर्यंत पोहोचलं, त्यामागेही एक किस्सा आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी केलेला डोक्यावरचा पहिला संच इतका जड होता की तो छताला टांगावा लागे. पुढची कितीतरी वर्षं बरी उपकरणं फक्त मोठ्या प्रयोगशाळांना परवडत. रिझ्झो ज्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेत काम करतात, तिथल्या प्रयोगशाळेत पामर लकी नावाचा कोवळा पोरगा काम करून गेला. त्यानं २०१२ मध्ये आपल्या ‘ऑक्युलस’ या हेडसेटसाठी लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले, मिळाले चोवीस लाखांवर. सुरुवातीचा संच ३०० डॉलरना मिळू लागला. २०१४ मध्ये फेसबुकनं त्याची कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली. जगाला गेमिंगची क्रांती दिसली. आम्हाला दिसलं, की आता साध्या रुग्णालयालाही हेडसेट घेता येईल.

आणि स्वस्त झालं, म्हणूनच पुढचा किस्सा प्रत्येकानं ऐकायला हवा. कॅनडात टोरोंटोचे डॉ. गुस्तावो सापोस्निक यांनी निंटेंडोच्या ‘वी’ या घरगुती गेमयंत्राची पक्षाघाताच्या रुग्णांवर चाचणी घेतली. २०१० च्या छोट्या चाचणीत यंत्र सरस ठरलं आणि फार बोलबाला झाला. त्यांनी तेवढ्यावर न थांबता चार देशांतल्या १४१ रुग्णांवर मोठी चाचणी केली. अर्ध्यांना गेमयंत्र, अर्ध्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असे साधे खेळ. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त निकाल आला. दोन्ही गट सारखेच सुधारले. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला अशी कठोर परीक्षा द्यायला लावणाऱ्या या डॉक्टरांबद्दल मला नितांत आदर आहे.

२०१७ मध्ये कॉक्रेनच्या तज्ज्ञांनी पक्षाघातावरच्या ७२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही सूर हाच होता. हाताच्या बाबतीत व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी नेहमीच्या थेरपीहून सरस ठरली नाही, पण नेहमीच्या थेरपीत भर म्हणून, सरावाचा एकूण वेळ वाढवण्यासाठी वापरली तर फायदा होऊ शकतो.

हे ऐकून मला कमलाताई निंबकर आठवतात. अमेरिकेत जन्मलेल्या आणि महाराष्ट्राच्या सून झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू केली. माणसाला त्याच्यासाठी अर्थ असलेलं काम द्या, त्यातून तो बरा होत जातो, हा या शास्त्राचा पाया. हेडसेट हे त्याच कामाचं आजचं साधन आहे.

तेव्हा घरात कोणाला झटका आला असेल, अपघातात डोक्याला मार लागला असेल, आणि एखाद्या केंद्रात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं पॅकेज सांगितलं जात असेल, तर किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. सत्रभर थेरपिस्ट रुग्णाजवळ असेल का? एका सत्रात हात किंवा पाय साधारण किती वेळा काम करेल? आणि इथे शिकलेलं घरी कसं वापरायचं, हे तुम्ही आम्हाला शिकवाल का? उत्तरं समाधानकारक असतील तर यंत्राचा जरूर लाभ घ्या. यंत्र परवडत नसेल, गावात नसेल, तर खचू नका. कॅरम मांडा, पत्ते पिसायला द्या, शेंगा सोलायला द्या, पूजेची फुलं वेचायला द्या. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या देखरेखीखाली, पहिल्या आठवड्यांपासून, रोज आणि भरपूर. तो दुबळा हात मांडीवर नुसता पडू देऊ नका.